मृगया आणि बाजारहाट

धानाची कापणी आटोपून मळणी उरकली आणि पिकाचे पैसे हाती आले, म्हणजे छत्तीसगडातील खेड्यापाड्यांतून माणसांचा एक ओघ रायपूरकडे वळू लागतो. पौषी पौर्णिमेला छेरछेऱ्याचा सण होतो, लेकरे दारोदार फिरून धान मागून नेतात. पाठोपाठ लग्नसराई येते आणि अक्षय्य तृतीयेला, म्हणजे तिकडच्या अक्तीला, तिला भर येतो. या ओघापैकी पुष्कळसा भाग ज्या अरुंद रस्त्यावर येऊन थबकतो, त्याचे नाव सदर बाजार. दोन्ही अंगांना सराफांची दुकाने, मधूनमधून कापडाची. गळ्यातला भरीव चांदीचा सुता, चकत्या ओवलेली पुतरी, मनगटातील पिळाची ऐंठी, दंडातील नागमोरी, कमरेचे करधन ही तिकडच्या लेण्यांची नावे येथे दिवसभर कानांवर पडत असतात.

या गर्दीकडे थोडे अलिप्तपणे पाहिले, तर एक गमतीची गोष्ट ध्यानात येते. माणसे येथे वस्तू विकत घेण्यासाठी येतात हे खरे; परंतु त्यांचे चालणे, थबकणे, कानोसा घेणे, एका दुकानाच्या पायरीवरून दुसऱ्याच दुकानाकडे नजर टाकणे, हे सारे विक्रीखरेदीपेक्षा एका फार जुन्या उद्योगाशी जुळते. तो उद्योग म्हणजे शिकार. मनुष्यजातीच्या आयुष्यातील बहुतेक काळ मृगयेत आणि कंदमुळे गोळा करण्यात गेला. शेती हा गेल्या दहाबारा हजार वर्षांतील शोध, आणि दुकान तर त्याहूनही अलीकडचे. तेव्हा हातातले धनुष्य गेले आणि तेथे पिशवी आली, तरी पावलांना जुनी सवय आठवावी यात नवल ते काय?

स्थळाचे नावही मोठे अर्थपूर्ण आहे. ‘सदर’ हा मूळचा अरबी शब्द. छाती, पुढला भाग, मानाची जागा असे त्याचे अर्थ. मराठी वाड्यात सदर म्हणजे कारभाराची आणि न्यायनिवाड्याची बैठक. आणि गावातील प्रमुख बाजारपेठ तो सदर बाजार. साताऱ्यातही या नावाची वस्ती आहे. रायपूरच्या मुलखाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. इ. स. १७५८ च्या सुमारास नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील बिंबाजी रतनपुरास येऊन राहिले. पुढे १८१८ मध्ये इंग्रजांच्या देखरेखीत मुलखाचे ठाणे रतनपुराहून रायपुरास आले, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. राज्य गेले, पण माणसे राहिली. रायपूरच्या तात्यापाऱ्यात रुळलेल्या मराठी घरांतील कित्येक पिढ्यांची मंगळसूत्रे याच परिसरात घडली असतील. म्हणून या बाजारातील मृगयेचे वर्णन मराठी श्रोत्यास परके वाटू नये.

शिकारीचा पहिला भाग म्हणजे तिचे समर्थन. रिकामपणी रानात जाऊन प्राण्यांच्या मागे धावणे हे काही राजाचे कर्तव्य नव्हे. सबब सबळ कारण शोधावे लागे. कौटिल्याने अर्थशास्त्रात मृगयेची गणना व्यसनांत केली आहे खरी, परंतु द्यूताशी तुलना करताना तिच्या बाजूने बोलण्यासही तो विसरत नाही. तिने व्यायाम घडतो, कफ, पित्त, मेद आणि घाम यांचा निरास होतो, स्थिर आणि चल लक्ष्यावर नेम धरण्याचा सराव होतो, प्राण्यांच्या भयक्रोधाची पारख होते. कालिदासाच्या शाकुंतलात दुसऱ्या अंकातला सेनापतीही राजापुढे अशाच गुणांचा पाढा वाचतो. बाजारास निघणाऱ्या कुटुंबाची समर्थने ऐकावीत आणि या जुन्या यादीशी ताडून पाहावीत. “भाव आणखी चढण्याआधी घेतलेले बरे,” “शेवटी पैसा सोन्यातच राहतो,” “घ्यायचे असे काही नाही हो, नुसते पाहून येऊ, तेवढेच पाय मोकळे होतील.” यातील अखेरचे वाक्य हे व्यायामाचे समर्थन होय, आणि सगळ्यांत महाग पडणारे समर्थनही तेच.

दुसरा भाग मागाचा. कसलेला शिकारी सावज दिसेपर्यंत वाट पाहत नाही. तो उमटलेले पाऊल, मोडलेली काडी, दबलेले गवत वाचत जातो. बाजारातला माग बोलण्यातून लागतो. कोणाच्या सुनेचे तोडे कोणाकडे घडले, घडणावळ किती पडली, मोड घालताना बट्टा किती कापला, ही माहिती हळदीकुंकवाला, गाडीत, पाणवठ्यावर गोळा होते. निघण्यापूर्वीच अर्धी शिकार झालेली असते. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी १९६१ मध्ये या प्रकाराकडे गांभीर्याने पाहिले. एकाच वस्तूचा भाव दुकानागणिक बदलतो, तो शोधण्यास वेळ आणि श्रम लागतात, म्हणून शोध हीच एक किंमत मोजून मिळवण्याची वस्तू आहे, असे त्यांनी दाखवले. जितकी खरेदी मोठी, तितका अधिक शोध परवडतो. जुडीभर कोथिंबिरीसाठी चार गल्ल्या फिरणारा मनुष्य हौशी. मंगळसूत्रासाठी चार दुकाने फिरणारा मात्र हिशेबी. यामुळेच की काय, पहिल्याच दुकानात खरेदी करणे हे आपल्याकडे अर्धवटपणाचे लक्षण समजतात.

येथे एक प्रश्न सहज उद्भवतो. एका दुकानात किती वेळ बसावे आणि उठावे केव्हा? हाच प्रश्न रानात चरणाऱ्या आणि शिकार करणाऱ्या प्रत्येक प्राण्यापुढे असतो. एरिक चार्नोव्ह या जीवशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये त्याचे गणित मांडले. एखाद्या झुडपावरची फळे खात असता पहिली चटकन मिळतात, पुढची शोधावी लागतात. ज्या क्षणी तेथली मिळकत एकंदर रानातील सरासरीइतकी खाली येते, त्या क्षणी ते झुडूप सोडावे. आणि पुढचे झुडूप जितके दूर, तितका हाती असलेल्या झुडपावर मुक्काम अधिक. सदर बाजारात दुकानाला दुकान लागून आहे. म्हणून गिऱ्हाईक पुतरीची तिसरी पेटी उघडण्याआधीच उठू शकते. तेच आठवडे बाजाराच्या गावी सराफाचे दुकान एकच असेल, तर तीच व्यक्ती तेथे दुपारभर ठाण मांडते. स्वभाव बदललेला नसतो. झुडपांतले अंतर बदललेले असते. मग दुकानदारांनी एकमेकांना खेटून दुकाने का मांडावीत? याचे उत्तर पाणवठा पाहिलेल्यास सांगावे लागत नाही. जेथे पाणी तेथे हरणे, आणि जेथे हरणे तेथेच दबा. एकट्या पडलेल्या दुकानाकडे तुलना करू इच्छिणारे गिऱ्हाईक फिरकत नाही. चाळीस दुकानांच्या रांगेत मात्र ते आपण होऊन येते.

यानंतरचा भाग दबा धरण्याचा. शिकारी वाऱ्याच्या उलट दिशेने सरकतो, कारण वास गेला की सावज गेले. बाजारात वास लागतो तो इच्छेचा. म्हणून जाणती गृहिणी जी ऐंठी मनात भरली आहे तिच्याकडे चुकूनही पाहत नाही. आधी नथ मागते, ती परत करते, मग पैंजणांचा वजनकाटा करवते, आणि उठता उठता, जणू सहज दिसली म्हणून, विचारते, “आणि ही हो? ही जरा जाडच वाटते.” नव्या सुनेच्या तोंडून अशा वेळी “अय्या, किती सुरेख!” असा उद्गार निघाला, तर सासूबाई तिच्याकडे ज्या नजरेने पाहतात, ती नजर झुडपाआड शिंकणाऱ्या सोबत्याकडे पाहणाऱ्या शिकाऱ्याची असते. इच्छा लपवण्याच्या या कलेला काही बाजारांत तर रीतसर आवरण मिळाले. सांगलीच्या हळदीच्या सौद्यांत आणि महाराष्ट्रातील गुरांच्या बाजारांत रुमालाखाली हात धरून, बोटे दाबून भाव सांगण्याची रीत होती. चेहरा कोरा, ओठ मिटलेले, आणि सारा संग्राम हातभर कापडाखाली. शिकाऱ्याचे लपणही याहून चांगले काय असणार?

पुरुष आणि स्त्रिया यांच्या खरेदीच्या रीतींवरून घरोघरी जो विनोद चालतो, त्यालाही शास्त्राचा आधार शोधण्याचा प्रयत्न झाला आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे डॅनिएल क्रूगर यांनी एका सहकाऱ्यासह २००९ मध्ये असे प्रतिपादन केले की, पुरुष बाजारात शिकाऱ्यासारखे वागतात, म्हणजे नेमकी एक वस्तू गाठून लगोलग परततात. आणि स्त्रिया फळे, कंद वेचणाऱ्यांसारख्या, म्हणजे रंग, पोत, पक्वता पारखत हिंडतात. विधान मोठे गोड आहे. सदरा आणण्यास गेलेला गृहस्थ दहा मिनिटांत भलत्याच मापाचा सदरा घेऊन येतो, तेव्हा ते पटतेही. परंतु त्यावर विसंबून राहू नये. फिलिपाइन्समधील आग्ता लोकांच्या स्त्रिया धनुष्यबाण आणि कुत्रे घेऊन रानडुकरे आणि हरणे मारीत, हे मानवशास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष पाहून नोंदले आहे. पेरू देशातील डोंगराळ भागात सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका तरुणीच्या दफनात शिकारीची हत्यारे सापडली; तो वृत्तांत २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सदर बाजाराची साक्षही याच बाजूची आहे. तेथे चिकाटीने माग काढणारी, दबा धरणारी आणि नेम धरणारी व्यक्ती बहुधा घरातली बाई असते. पुरुष बाकावर बसून पिशव्या राखतो. शिकारीच्या परिभाषेत त्याला ओझेवाला म्हणतात.

आता प्रश्न येतो तो आनंदाचा. इतकी पायपीट, इतकी घासाघीस, आणि हाती काय, तर शेजारच्या दुकानातही मिळाली असती अशी वस्तू! तरीही चेहऱ्यावर विजय का? वोल्फ्राम शुल्ट्झ या शरीरशास्त्रज्ञाने माकडांवर केलेल्या प्रयोगांत याचे काही उत्तर आहे. दिवा लागला की थोड्या वेळाने फळांच्या रसाचे थेंब मिळतात, असे माकडास शिकवले. आरंभी मेंदूतील डोपामीनच्या पेशी रस मिळाल्यावर उद्दीपित होत. शिकवण पक्की झाल्यावर त्या दिवा लागताच उद्दीपित होऊ लागल्या, रसाचे त्यांना काहीच वाटेनासे झाले. २००३ मधील प्रयोगांत तर असे दिसले की, रस मिळेल की न मिळेल याची शक्यता निम्मी निम्मी असते, तेव्हा वाट पाहण्याच्या काळातील चळवळ सर्वांत मोठी. ज्या सौद्यात भाव उतरेल की नाही हे अखेरपर्यंत कळत नाही, त्याचा कैफ ठरावीक भावाच्या खरेदीस का येत नाही, हे यावरून समजते. दागिना डबीत जातो तेव्हा खरा रस संपलेला असतो. टांझानियातील हाड्झा लोकांच्या अभ्यासात आढळले की, तेथील शिकाऱ्यास मोठे जनावर सरासरीने महिन्यातून एकदाच लाभते. उरलेले दिवस तो रिकाम्या हाताने परततो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उत्साहाने निघतो. खरेदी न करता बाजारातून परतणाऱ्यास हसणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

शिकार घरी आल्यावर तिचे वर्णन होते. वाघ सांगताना लांबतो, भाव सांगताना आखडतो, एवढाच फरक. बारा मागत होता, नवाला पाडला, असे विजयी सांगणे आणि ‘भाव पाडणे’ हा क्रियापदाचा प्रयोग, दोन्ही शिकारीचेच. परंतु यापुढे जे घडते ते अधिक मजेचे आहे. कॅनडाचे मानवशास्त्रज्ञ रिचर्ड ली हे कालाहारीच्या वाळवंटात तेथील शिकारी लोकांबरोबर राहिले होते. नाताळास त्यांनी सर्वांना मेजवानी देण्यासाठी चांगला दांडगा, चरबीने भरलेला बैल विकत घेतला. जो तो येऊन म्हणू लागला, की ही तर हाडांची मोळी आहे, यात खाण्यासारखे काय? ली खचून गेले. प्रत्यक्षात बैल उत्तम निघाला, सर्व जण पोटभर जेवले, आणि मग उलगडा झाला. मोठी शिकार आणणाऱ्याची अशी थट्टा करणे ही त्या समाजाची रीत आहे; एरवी तो स्वतःस सरदार आणि इतरांस चाकर समजू लागेल. ली यांनी हा वृत्तांत १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. मराठी घरात ही रीत शिकवण्यासाठी कोणाला कालाहारीस जावे लागत नाही. नवा दागिना पाहून आत्याबाई म्हणतात, “बरा आहे हो, पण घाट जरा जुना वाटतो. आणि एवढ्याला? आमच्याकडे तर...” तेव्हा त्या फार प्राचीन असे समाजकार्य करीत असतात.

येथवर गिऱ्हाईक हा शिकारी आणि वस्तू हे सावज, असे गृहीत धरले. परंतु मराठी भाषेस विचारले, तर ती निराळेच सांगते. गिऱ्हाईक हेरतात, गिऱ्हाईक गाठतात, ते गळाला लागते, जाळ्यात सापडते. भाषेने पक्ष घेतला आहे, आणि तो गिऱ्हाइकाचा नव्हे. जरा नीट पाहावे. पायपीट करतो तो गिऱ्हाईक. दुकानदार तर पांढऱ्याशुभ्र गादीवर तक्क्याला टेकून स्थिर बसलेला असतो. जो हिंडतो तो सावज आणि जो मचाणावर स्वस्थ बसतो तो शिकारी, हे रानातले प्रत्येक पाखरू जाणते. आमिष म्हणून चहा येतो. “या दीदी, आत या, पाहायला काय पैसे पडतात?” हा हाकारा होय. उघड्या डब्यांवर दिवे असे लावलेले असतात, की डोळे दिपावेत. आधी मुद्दाम फार महाग हार पुढे ठेवतात, म्हणजे नंतरचा दागिना स्वस्त भासतो; पहिल्या आकड्याला मन कसे नकळत बांधले जाते, हे ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये प्रयोगांनी दाखवले, सराफांना ते पिढ्यान्पिढ्या ठाऊक होते. अर्थात सराफही सर्वस्वी निर्धास्त नसतो. सकाळची भवानी, जिला तिकडे बोहनी म्हणतात, तोट्यात जाऊ नये म्हणून तोही शकुन पाहतच असतो. मृगयेत दोन्ही पक्षांची छाती धडधडते, ती अशी.

आणि याच ठिकाणी विनोद थोडा बाजूस ठेवावा लागतो. राजाची शिकार हुकली तर राजा उपाशी राहत नसे. रानातल्या माणसाची हुकली तर त्याची पोरे उपाशी राहत. सदर बाजारात खेड्यातून येणाऱ्या कुटुंबाची गत दुसऱ्या प्रकारची असते. त्यांच्या दृष्टीने सुता किंवा करधन ही केवळ शोभा नव्हे. ज्या वर्षी पाऊस दगा देतो, घरात आजारपण येते, त्या वर्षी हीच चांदी गहाण पडते वा मोडीत निघते, आणि त्यातून बियाणे आणि औषध येते. विकत घेताना कसात फसगत झाली असेल, तर ती त्या वाईट दिवशी उघडकीस येते. म्हणून या रानात पाऊलखुणा वाचता येणे ही चैन नसून संरक्षण आहे.

या खुणा फार अवघड नाहीत. पूर्वी सोने गुंजांनी तोलत. गुंजेचा वेल रानात उगवतो. त्याचे लाल, काळ्या ठिपक्याचे बी सराफाच्या तराजूत येऊन बसले. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, म्हणजे ९६ गुंजांचा तोळा. तो तोळा सुमारे ११.६६ ग्रॅम भरतो. परंतु आज व्यवहारात दहा ग्रॅमलाही सर्रास तोळा म्हणतात. शब्द एक आणि वजने दोन, तेव्हा ग्रॅममध्येच विचारावे. कसोटीच्या काळ्या दगडावरची रेघ वाचणे हे जाणत्याचे काम होते. सामान्य माणसास ती सर्व पिवळीच दिसे. आता सोन्यावर ठसा असतो. भारतीय मानक ब्यूरोने सोन्याच्या दागिन्यांची ठसा-योजना २००० साली सुरू केली. जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरांकांच्या खुणेवाचून ठशाचा दागिना विकण्यास बंदी आली. ब्यूरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि ही सहा अक्षरांकांची खूण, अशा तीन गोष्टी भिंगातून पाहाव्यात. बावीस कॅरटच्या सोन्यावर ९१६ हा आकडा असतो. हजार भागांत इतके भाग शुद्ध सोने, हा त्याचा अर्थ. घडणावळ निराळी लिहून घ्यावी आणि पक्की पावती मागण्यास संकोचू नये. खूण किती बोलकी असते, हे शाकुंतलाच्या सहाव्या अंकातील कोळ्यास विचारावे. माशाच्या पोटात मिळालेली अंगठी त्याने विकावयास काढली, तिच्यावर राजाचे नाव कोरलेले होते, आणि राजाच्या शिपायांनी त्याला तेथेच धरले. त्या अंगठीवर ठसा नसता, तर शकुंतलेची कथा सुखान्त झाली नसती.

खुणा वाचता आल्या तरी एक विद्या उरतेच, आणि ती सर्वांत कठीण. केव्हा थांबावे, ही ती विद्या. तिच्या अभावाचे उदाहरण दूर शोधावयास नको. छत्तीसगडाच्या उत्तरेस कोरिया नावाचे संस्थान होते. तेथील राजे रामानुज प्रताप सिंह देव यांनी १९४७ च्या सुमारास एका रात्री मोटारीच्या दिव्यांच्या झोतात तीन चित्ते टिपले. भारतातील रानटी चित्त्यांची ती अखेरची निश्चित नोंद समजली जाते. १९५२ मध्ये चित्ता देशातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. पुढे १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि शिकारीचे युग संपले. २०२२ च्या सप्टेंबरात आफ्रिकेतून आठ चित्ते विमानाने आणून मध्य प्रदेशातील कुनोच्या जंगलात सोडावे लागले. एका रात्रीचा उत्साह आणि पाऊणशे वर्षांची भरपाई! घरोघरच्या संसारात याचीच लहान आवृत्ती घडत असते. लग्नाच्या घाईत, दिव्यांच्या झगमगाटात, “एवढे आले तर हेही घेऊ” म्हणून उचललेला एक जास्तीचा दागिना पुढील तीन हंगामांचे धान खाऊन बसतो. झोतात दिपलेले डोळे त्या रात्री चित्त्यांचे होते. बाजारात ते माणसाचे असतात.

शिकाऱ्याचे कौशल्य नेम धरण्यात असते, ही समजूत अपुरी आहे. ताणलेली दोरी सैल सोडता येणे, यात त्याची खरी परीक्षा. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंत हरणाच्या मागे धावत येतो, बाण चढवतो, आणि हे आश्रमाचे हरीण आहे असे तपस्वी सांगताच तो बाण उतरवतो. त्याची शिकार त्या दिवशी हुकली, असे कोणी म्हणत नाही; नाटक तेथूनच सुरू होते. सदर बाजारात संध्याकाळी दिवे लागत असता, दोन दुकानांतून काटा करवून, तीन ठिकाणी घडणावळ विचारून, मनात भरलेली नागमोरी परत गादीवर ठेवणारे आणि “पुढच्या हंगामी पाहू” म्हणून उठणारे एखादे कुटुंब असते. दुकानदार मागून हाक मारतो, भाव आणखी थोडा उतरवतो. ते वळून हसतात आणि गाडीच्या वाटेला लागतात. हाती काही नसले, तरी त्या दिवशीचे सर्वांत निपुण शिकारी तेच असतात. कारण बियाण्याचे पैसे कमरेला जसेच्या तसे असतात.